गावाला न्यायचं सामान

मालन गावडे रोज सकाळी आतल्या खोलीच्या दारात यायची, जुनी ओढणी कमरेला घट्ट बांधायची, खोलीकडे एकदा बघायची आणि मग ती बांधलेली ओढणी तशीच ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची. आठवडाभर हेच चाललं होतं. बाई आळशी होती म्हणावं, तर तसंही नाही. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री ओटा पुसण्यापर्यंत ती कधी बसलेली कुणी पाहिली नव्हती. पण त्या खोलीपुढे तिचे हातपाय गळायचे. कुठून सुरुवात करायची हेच कळायचं नाही.

घाटकोपरच्या भटवाडीत, चढावरच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर गावड्यांच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत माणसं राहायची. आतल्या खोलीत गावाला न्यायचं सामान राहायचं. मोडलेला मिक्सर, झाकण हरवलेला कुकर, कापूस गोळा झालेल्या गाद्या, विटलेल्या साड्यांची बोचकी, एक चाक नसलेली तीनचाकी सायकल, आइस्क्रीमचे रिकामे डबे, पडद्याचे गज. यातलं काहीही टाकायला काढलं की मालनचा नवरा लवू म्हणायचा, "ह्या गावाक चलात," म्हणजे गावाला चालेल. आणि खरं सांगायचं तर लवूने तोंड उघडायच्या आधी मालनच तसं म्हणायची. मुंबईत बिघडलेली वस्तू कणकवली ओलांडली की आपोआप चालू होते, असा काहीतरी या लोकांचा समज असावा.

दरवर्षी गणपतीला गावी जाताना त्यातलं एखादं बोचकं जायचंही. पण गाडीत माणसांनाच जागा नसायची, त्यात देवाची फळं, उदबत्त्या, पुतण्यांचे कपडे. एक बोचकं जायचं आणि वर्षभरात त्याच्या जागी चार यायची. त्यात लवूचा चुलतभाऊ खोली बदलताना त्याचं कपाट "चार दिवस" म्हणून ठेवून गेलेला, आणि लेक रुचिरा दहावीत असल्यापासून ते चार दिवस संपले नव्हते. बारावीचा अभ्यास पोरीने जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून केला. वाऱ्याला बसते, असं मालन शेजारणींना कौतुकाने सांगायची.

आता ती रुचिरा बोरिवलीला सासरी होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलंच. पहिलं बाळंतपण माहेरी, यात गावड्यांकडे कुणी कधी चर्चा केली नव्हती. मालनचं स्वतःचं तिच्या आईकडे झालं, मालनच्या आईचं तिच्या आईकडे. तेव्हा डोहाळजेवणाला बोरिवलीला जाताना मालन मनातल्या मनात मेथीच्या लाडवांचं प्रमाण जुळवत होती. पण पंगत उठल्यावर रुचिराच्या सासूने, सुहासिनीताईंनी, तिला हळूच बाजूला घेतलं. सुहासिनीताई बाई वाईट नव्हती. फक्त तिच्या घरात टेबलावर टेबलक्लॉथशिवाय काही नसायचं, आणि अशा बायकांपुढे मालनला आपलेच हात मळके वाटायला लागायचे.

"मालनताई, माहेरी जावं हे मला मान्यच आहे," त्या म्हणाल्या. "पण तान्ह्या बाळाला तुम्ही ठेवणार कुठे, ते सांगा."

हळूच म्हटलं तरी आजूबाजूच्या बायकांनी ऐकलं. मालनने रुचिराकडे पाहिलं. पोरगी हिरव्या बांगड्या मागेपुढे करत खाली बघत बसली होती. ती एक शब्द बोलली असती, नुसतं "आई करेल काहीतरी" म्हणाली असती, तरी मालनचं निभावलं असतं. मग मालननेच सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं की आठवा संपायच्या आत खोली रिकामी होईल, नाही झाली तर लेकीला खुशाल इथेच ठेवा.

बोलणं सोपं असतं. घरी येऊन दार उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलोय.

खालच्या मजल्यावरच्या शीतलने तिला धीर दिला. शीतल तरुण पोर, बँकेत नोकरीला, मोबाईलवर घर आवरायचे व्हिडिओ बघणारी. तिने सांगितलं, सगळी खोली बघायचीच नाही काकी, रोज एक कोपरा घ्यायचा, पंधरा मिनिटांचा गजर लावायचा, गजर झाला की थांबायचं. आणि आधीचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे नंतर बघून हुरूप येतो. मालनने फोटो काढला. फोटोत खोली होती त्याहून भयंकर दिसली आणि जो काय हुरूप होता तोही गेला.

तरी तिने गजर लावला. पहिल्या दिवशी एक बोचकं सोडलं, त्यात रुचिराचा बालवाडीतला फ्रॉक निघाला, तो मांडीवर घेऊन ती बसली आणि गजर वाजला. दुसऱ्या दिवशी गाद्यांचा नंबर होता. गादी उचलली तर खालचे डबे कोसळले, डबे रचले तर गादीला जागा राहिली नाही, शेवटी गादी दिवाणावर गेली आणि रात्री दिवाणावरून परत आत. तिसऱ्या दिवशी तिने छातीवर दगड ठेवून दोन पोती भरून खाली कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवली. संध्याकाळी बघते तर मिक्सर आणि कुकर पुन्हा खोलीत. लवू खाली पान खायला गेला होता, तो येताना घेऊन आला होता. त्यातही मिक्सर ओल्या फडक्याने पुसून.

"अहो, मी मरमर करून खाली टाकायचं आणि तुम्ही वर आणायचं?" ती म्हणाली. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. लवूने नेहमीचं उत्तर दिलं आणि टीव्ही लावला.

धुळीने तिचा घसा बसला. कंबर धरली. रात्री पडलं की डोळ्यांसमोर बोचकीच यायची. एका दुपारी गाद्यांच्या ढिगावर बसून ती रडली. कुणी मेलं नाही, कुणी काही बोललं नाही, उगाचच. आणि नेमका तेव्हाच रुचिराचा फोन आला. आईचा आवाज ऐकून पोरीने ओळखलं.

"आई, राहू दे ना. उगाच दमतेस. मी इथे बरी आहे."

ते 'बरी आहे' मालनला लागलं. पोरीने रागाने म्हटलं असतं तर परवडलं असतं. ती आईची सोय बघून बोलत होती, जिन्यावर अभ्यासाला बसायची तेव्हा बघायची तशीच. त्या दिवशी पहिल्यांदा मालनला वाटलं की पोरगी वाऱ्यासाठी जिन्यावर बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने धाकूला फोन लावला. धाकू त्यांच्याच गावच्या वाडीतला. त्याचा टेम्पो मुंबई ते कणकवली चालायचा, जाताना कुणाची कपाटं, येताना नारळ आणि तांदूळ. एवढी वर्षं हा माणूस डोळ्यांसमोर होता आणि आपल्याला कसं सुचलं नाही, असं तिला झालं. गावाला न्यायचं सामान आहे ना, मग जाऊ दे एकदाचं गावाला. लवू तर एकदम खूश. त्याला काही टाकायला लागणार नव्हतं. इतके दिवस हलला नव्हता तो माणूस त्या सकाळी गाद्या डोक्यावर घेऊन जिने उतरला. चुलतभावाचं कपाटही गेलं. त्याला विचारायचं राहिलं, आणि मालनने मुद्दाम राहू दिलं.

दुपारी खोली रिकामी झाली होती. मालनने तीन बादल्या पाणी ओतून लादी धुतली, तेव्हा लादीवर निळी नक्षी आहे हे तिला आठवलं. खिडकीपर्यंत चालत जाता येत होतं. तिने खिडकी उघडली आणि ओल्या लादीवरच, काही न अंथरता, भिंतीला टेकून बसून राहिली. किती वर्षांनी तिला काही करायचं नव्हतं.

रिकाम्या खोलीचा फोटो तिने रुचिराला पाठवला. उत्तर आलं ते असं, की मम्मींना, म्हणजे सासूबाईंना, दाखवला, त्या म्हणाल्या रविवारी जा. खाली आणखी एक ओळ होती: "आई, खरंच आपली खोली आहे ना ही?" मालनला हसू आलं आणि रडूही. लवूला ती ओळ तिने दोनदा वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंपाचा फोन आला. चंपा म्हणजे मालनची धाकटी जाऊ. लवूचा धाकटा भाऊ गेल्यापासून गावचं घर, गुरं, सासूचं शेवटचं आजारपण, सगळं हिनेच ओढलं. चंपा फोनवर कधी मोठ्याने बोलायची नाही, तशी आजही बोलली नाही. धाकूने सामान खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उतरवलंय म्हणाली. आत घ्यायला जागा नाही, माजघर आधीच भरलेलं आहे, रात्री दव पडतं तर गाद्या भिजतील, काय करू, असं विचारत होती.

"माजघर कशान भरला गो?" मालनने विचारलं. तिथे बोलताना तिची भाषा आपोआप गावची व्हायची.

"तुमच्याच सामानान, वैनी," चंपा म्हणाली. "दर वर्साक हाडतास ना तुमी."

मालनला आधी नीट कळेना. एवढं कुठे नेलं आपण, वर्षाला एखादं बोचकं. मग चंपाने तिच्या त्याच खालच्या आवाजात सांगितलं की एखादं बोचकं एवढी वर्षं आलं की खोली भरते. थोरल्या घरचं सामान, ते कुणी हलवायचं, कुणी टाकायचं? सासू असताना तिने हात लावू दिला नाही आणि सासू गेल्यावर चंपाला धीर झाला नाही. उद्या मुंबईचे आले आणि आमचा मिक्सर कुठेय म्हणाले तर. सांगताना ती तक्रार करत नव्हती. पाऊस यंदा लांबला म्हणून सांगावं तसं सांगत होती.

"म्हणान जानूची खाट पडवेत घातलंय तेवा," चंपा म्हणाली.

जान्हवी चंपाची एकुलती लेक. मागच्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बारशाला मालन मुंबईहून गेली होती, हिरवं झबलं घेऊन. बाळंतिणीची खाट पडवीत होती. येणाराजाणारा पहिल्यांदा तिच्याच अंगावरून आत जायचा, आणि रात्री वारा लागू नये म्हणून खाटेभोवती जुनी साडी बांधलेली असायची. मालनने ते सगळं पाहिलं होतं. पाहून काय म्हणाली होती, तेही आता तिला आठवलं.

"चंपा, मी तेवा हवेशीर आसा म्हटलंय."

"व्हय," चंपा म्हणाली. "म्हटलंस."

एवढंच. पुढे चंपा गुरांना पाणी दाखवायचं राहिलंय म्हणाली आणि सामानाचं बघते, ताडपत्री घालते म्हणाली. मालन फोन हातात धरून बसून राहिली. सुहासिनीताईंनी बाजूला घेऊन विचारलं होतं तेव्हा तिला अपमान वाटला होता. पण त्यांनी निदान विचारलं तरी. चंपाने एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं, आणि म्हणून मालनला कधी काही वाटलं नव्हतं. स्वतःची तिला एवढी शरम कधी वाटली नव्हती.

तिने पुन्हा फोन लावला आणि चंपाला सांगितलं की ते सगळं टाकून दे, वाट्टेल त्याला दे, जाळ. माझं आहे, मी सांगते. चंपा म्हणाली, नाही वैनी, माझ्याने नाही होणार, दुसऱ्याच्या वस्तू टाकवत नाहीत. तुझ्या हाताने टाक.

म्हणजे धाकू. धाकू अजून गावातच होता. मालनने त्याला सांगितलं की खळ्यातलं सामान टेम्पोत परत भर. आणि माजघरातलंही भर, सगळं, केरसुणीसुद्धा ठेवू नकोस. धाकूने तिला दोनदा विचारलं की वैनी, तब्येत बरी आहे ना. लवूने विचारलं नाही, तो सरळ म्हणाला, "तुका खूळ लागलां काय गो? रविवारी पोर येतली." मग जरा नरमून त्याने सुचवलं की बाळंतपण होऊ दे, पोर परत सासरी जाऊ दे, मग आणू की. इतकी वर्षं राहिलं तिथे, आणखी चार महिने राहील.

लवू चुकीचं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं. मालन थकली होती. तिला त्या खोलीत लेकीला झोपलेलं बघायचं होतं, बाकी जगात काही नको होतं. चार महिने म्हटलं की किती मोकळं वाटलं तिला. पण चार दिवसांचं कपाट तिच्या घरात किती वर्षं होतं ते तिला पाठ होतं, आणि चार महिन्यांनी आपण पुन्हा फोन उचलणार नाही हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिने धाकूला सांगितलं, लगेच नीघ.

तो धाकू शेवटी. पेणला टायर गेला, पनवेलला मेव्हण्याकडे जेवला, आणि टेम्पो भटवाडीचा चढ चढला तो रविवारी सकाळी.

ताडपत्री काढल्यावर अख्खी इमारत गॅलरीत आली. आतल्या खोलीतून गेलेलं होतंच. त्याखाली माजघरातलं. मालनने नाक्यावरचा भंगारवाला चंद्रप्रकाश याला आधीच बोलावून ठेवलं होतं आणि तो दोन हातगाड्या घेऊन आला होता. सामान गल्लीत उतरायला लागलं. उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या, गंजलेली शेगडी, तिच्याच लग्नातल्या साड्या, मुंबईहून दरवर्षी मोठ्या मायेने नेलेलं एकेक बोचकं, जसं बांधलं होतं तसं. एकाचीही गाठ कुणी सोडलेली नव्हती. ते बघून मालनच्या अंगातलं उरलंसुरलं बळ गेलं. ती पायरीवर बसली आणि बसल्या जागेवरून हात करून एकेक दाखवू लागली, हे घे, हे घे. चंद्रप्रकाश काटा अडकवायला लागला तेव्हा तिने सांगितलं की वजन करत बसू नकोस, फक्त ने.

लवू ढिगाऱ्यात वाकून काहीबाही शोधत होता. त्याला टेबलफॅन सापडला. जाळी नाही, वायर नाही. तो पोटाशी धरून म्हणाला, आपला पहिला पंखा गो, एवढा तरी. भांडायला मालनजवळ काही उरलं नव्हतं. नेतो तर नेऊ दे वर.

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. रुचिरा दुपारी यायची होती. प्रीतमला, जावयाला, अचानक ड्यूटी लागली म्हणून ती लवकर निघून आली होती. आठव्या महिन्याचं पोट सांभाळत, बोचकी आणि गाद्या चुकवत ती चालत आली. मालन उठून उभी राहिली. जे पोरीला कधी दिसू नये म्हणून आटापिटा केला ते सगळं, दुप्पट होऊन, पोरीच्या वाटेत पसरलं होतं. आता ही तिथूनच परत फिरेल, असंच मालनला वाटलं. फिरली तर तिचं चुकणार नव्हतं.

"हे काय, आई? फोटो तर रिकामा होता."

"खोली रिकामीच आहे," मालन म्हणाली. "हे चंपाकाकूच्या घरातलं. आपलंच होतं. जानूला पडवीत झोपवलं होतं ना, ते ह्याच्यामुळे."

रुचिरा ढिगाकडे बघत राहिली. तिने आईची समजूत घातली नाही, राहू दे ना असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं. जानू बोलली होती तेव्हा."

मागून टॅक्सीवाल्याने तिची बॅग आणून ठेवली. एका दिवसाची पिशवी नव्हती ती. लग्नात घेतलेली मोठी बॅग होती, चेन कशीबशी लागलेली. लवूने बॅगकडे पाहिलं, पोटाशी धरलेल्या पंख्याकडे पाहिलं. मग हातगाडीपाशी जाऊन त्याने पंखा वर ठेवला, पडू नये म्हणून जरा आत सरकवला, आणि येऊन लेकीची बॅग उचलली.

"चल ना वर," रुचिरा आईला म्हणाली. "किती दमलीयस."

दमली होती. पाय तर नुसते भरून आले होते. वर निळ्या नक्षीची लादी होती, उघडी खिडकी होती, लेक होती. पण टेम्पो अजून अर्धा भरलेला होता.

"तू जा, आडवी हो," मालन म्हणाली. "मी हे संपवून येते."

रुचिरा कठड्याला धरून जिना चढू लागली. मालनने ओढणीची सुटलेली गाठ पुन्हा बांधली आणि चंद्रप्रकाशला पुढचं बोचकं दाखवलं.